कूटलेखनामागचे गणित: सराव नेमका कसा करावा?

उत्तररात्र

नमस्कार.

माझे काम संगणक प्रणालींच्या देखभालीचे आहे. कूटलेखनाशी माझा रोज संबंध येतो, मात्र तो तयार साधने वापरण्यापुरताच. किल्ली तयार करण्याची आज्ञा द्यायची, प्रमाणपत्राची मुदत तपासायची आणि फाइल योग्य जागी ठेवायची, एवढे झाले की काम संपते. यामागचे गणित समजावे म्हणून मी गेल्या पावसाळ्यापासून वाचन सुरू केले. आरएसएची (मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभ्या असलेल्या, सार्वजनिक आणि खाजगी अशा दोन किल्ल्यांच्या पद्धतीची) सिद्धता वाचताना प्रत्येक ओळ पटते, पण पुस्तक मिटून कोरा कागद पुढे ओढला की दोन मूळ संख्या लिहिण्यापलीकडे हात चालत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. या विषयाचा सराव कागदावर लहान संख्या घेऊन करावा, की पायथनमध्ये लहान प्रोग्राम लिहून? आणि त्याचा क्रम काय असावा? माझे आजचे मत असे आहे की सीझर, विजनेअर, हिल या जुन्या पद्धतींवर वेळ घालवू नये, कारण आज त्या कोणी वापरत नाही. थेट मूळ संख्या आणि घातांकांपासून सुरुवात करावी. हे मत कोणी खोडून काढल्यास आनंदच होईल.

पाटीपेन्सिल

आपले मत खोडून काढण्याची संधी मी सोडणार नाही. मी महाविद्यालयात गणित शिकवले आहे. आपण ज्या पद्धती टाकाऊ म्हणता, त्यांच्यातच आरएसएची निम्मी पूर्वतयारी दडलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

सीझरची पद्धत म्हणजे केवळ बेरीज, ती एका बैठकीत संपवावी. तिच्या पुढची पायरी महत्त्वाची आहे. इंग्रजी अक्षरांना ० ते २५ क्रमांक द्यावेत, प्रत्येक क्रमांकाला ७ ने गुणावे, त्यात १० मिळवावे आणि २६ ने भागून बाकी घ्यावी. हा झाला कूटसंदेश. आता तो उलटा वाचायचा असेल तर ७ ने भागायचे कसे? बाक्यांच्या जगात भागाकार नसतो, तिथे ७ चा व्यस्त शोधावा लागतो, म्हणजे ७ ला जिने गुणल्यास बाकी १ उरते ती संख्या. २६ = ३ × ७ + ५, ७ = १ × ५ + २, ५ = २ × २ + १. आता याच पायऱ्यांवरून मागे चालत जावे: १ = ५ − २ × २ = ३ × ५ − २ × ७ = ३ × २६ − ११ × ७. म्हणजे ७ चा व्यस्त −११, अर्थात १५. ताळा: ७ × १५ = १०५ = ४ × २६ + १.

आरएसएमध्ये खाजगी किल्ली काढतात ती अक्षरशः याच रीतीने, संख्या तेवढ्या मोठ्या असतात. गुणक म्हणून ७ ऐवजी १३ घेऊन पाहावा, म्हणजे सर्व अक्षरे दोनच अक्षरांवर कोसळतात आणि संदेश परत मिळत नाही. गुणक आणि २६ सहमूळ असण्याची, म्हणजे त्यांना १ खेरीज समान अवयव नसण्याची, अट कशासाठी आहे, हे त्यानंतर कोणाला सांगावे लागत नाही.

गणकयंत्र

पाटीपेन्सिल यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून लिहितो. पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून घात काढणाऱ्या अंगभूत फंक्शनला घातांक म्हणून −१ दिला की व्यस्त एका ओळीत मिळतो. सहमूळ नसलेली जोडी दिली तर ते फंक्शन स्वतःच तक्रार करते. अशा स्थितीत हाताने भागाकार करत बसण्यात काय हशील आहे? आपण घनमूळसुद्धा आता हाताने काढत नाही.

तिरकसपंत

घनमूळ हाताने काढता येत होते तेव्हाही आम्ही ते काढत नव्हतो, शेजारच्या बाकावरून उतरवून घेत होतो.

पाटीपेन्सिल

गणकयंत्र, फंक्शन उत्तर देते आणि तक्रारही करते हे खरे आहे. परंतु धागाकर्त्यांची अडचण उत्तर मिळत नाही ही नाहीच, कोऱ्या कागदावर पुढची ओळ सुचत नाही ही आहे. ती सुचावी म्हणून दहापाच व्यस्त हाताने काढावे लागतात. मग खुशाल यंत्रावर सोपवावे.

खानदेशी

वर व्यस्त काढण्याची जी रीत आली, तिला आपल्याकडे कुट्टक म्हणतात. आर्यभटाने ती इ. स. ४९९ मध्ये सूत्ररूपाने मांडली आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० मध्ये, तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथला पहिलाच प्रश्न सरावासाठी उत्तम आहे: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता बेरजेला १९५ ने निःशेष भाग जाईल? आधी तिन्ही संख्यांना १३ ने भागून १७, ५ आणि १५ असा संक्षेप करावा. मग उत्तर ५ येते आणि भागाकार ६.

माझे गाव चाळीसगावाजवळ असल्याने एवढे सांगण्याचा मोह आवरत नाही, की तिथल्या पाटण येथे भाऊ दाजी यांना जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. या गणिताचा सराव कसा करावा, हा प्रश्न आमच्या पंचक्रोशीत आठशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

रेवा

मी सध्या पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि हाच विषय अभ्यासक्रमात आहे. पाटीपेन्सिलताईंनी सांगितलेला सराव मी मराठी वर्णमालेवर करून पाहिला. क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने होतात. ३४ = २ × १७ असल्यामुळे गुणक म्हणून चालणाऱ्या संख्या १६ आणि एकूण किल्ल्या १६ × ३४ = ५४४. क्ष आणि ज्ञ धरले की व्यंजने ३६ होतात, पण चालणारे गुणक वाढण्याऐवजी १२ वर येतात, कारण ३६ ला २ आणि ३ हे दोन्ही अवयव आहेत. त्यांत शब्दांमधली रिकामी जागा हे सदतिसावे चिन्ह मानले की ३७ ही मूळ संख्या होते आणि शून्य वगळता सर्वच्या सर्व ३६ गुणक चालू लागतात. मूळ संख्येचे महत्त्व मला पुस्तकातल्या प्रमेयापेक्षा या एका रिकाम्या जागेने अधिक पटवून दिले.

अटकेपार

रेवा, सुरेख निरीक्षण आहे. मी मराठीच्याच अंगाने थोडे पुढे जातो.

महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. त्यामुळे आद्य मराठी गद्याचा मोठा साठा कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकांपासून दूर राहिला. सकळ लिपी उलगडण्याचे श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना दिले जाते. गणिताच्या दृष्टीने अशी लिपी म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर ठेवणे.

आता सराव म्हणून हिशेब करू. ३४ व्यंजनांची आपसात अदलाबदल किती प्रकारे करता येईल? ३४ च्या क्रमगुणिताइतक्या प्रकारे, म्हणजे सुमारे २.९५ गुणिले १० चा ३८ वा घात. आजच्या १२८ बिटांच्या किल्लीचे एकूण पर्याय, म्हणजे २ चा १२८ वा घात, सुमारे ३.४० गुणिले १० चा ३८ वा घात भरतात. दोन्ही संख्या ३९ अंकी आहेत. असे असूनही पहिली पद्धत पुरेसा मजकूर हाती असल्यास चिकाटीचा माणूस कागद-पेन्सिलीने फोडतो आणि दुसरी जगातील सारी यंत्रे जुंपूनही चाचपडत फोडता येत नाही. जुन्या पद्धती टाकाऊ आहेत असे म्हणणाऱ्यांनी या तुलनेवर थोडा वेळ थांबावे. किल्ल्यांची संख्या मोठी असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, हे अन्यत्र इतक्या स्वच्छपणे दिसत नाही.

तिरकसपंत

आमच्या शाळेत च ची भाषा होती. पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा, म्हणजे मराठीचे चराठीम. ही १२८ बिटांत कुठे बसते?

अटकेपार

शून्य बिटांत. तिला किल्लीच नाही. पद्धत शत्रूला ठाऊक आहे असे धरूनच सुरक्षितता किल्लीवर सोपवावी, असे केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवले आहे. आपल्या बाबतीत शत्रू म्हणजे वर्गशिक्षक, आणि त्यांनीही लहानपणी च ची भाषा बोललेली असणार.

उत्तररात्र

सर्वांचे आभार. जुन्या पद्धतींविषयीचे माझे मत आता बरेच डळमळीत झाले आहे. परंतु अशी लिपी फोडतात ती वारंवारतेच्या मोजणीने, म्हणजे कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून. त्यात गणित नेमके किती आहे? ती मला चिकाटीची कारकुनी वाटते.

रेवा

मोजणी ही कारकुनीच आहे, पण विजनेअरच्या पद्धतीत तिच्यातून गणित बाहेर येते. तिथे किल्लीचा शब्द पुन्हा पुन्हा वापरला जात असल्याने एकाच अक्षराची निरनिराळी रूपे होतात. किल्लीची लांबी शोधण्यासाठी कासिस्की यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरगटांमधली अंतरे मोजून त्यांचा मसावि काढणे. दुसरी युक्ती फ्रीडमन यांची: मजकुरातून कोणतीही दोन अक्षरे उचलली तर ती सारखी निघण्याची संभाव्यता मोजावी. इंग्रजी मजकुरात ती ०.०६७ च्या आसपास असते आणि २६ अक्षरे पूर्णपणे सरमिसळ असतील तर १ भागिले २६, म्हणजे ०.०३८. मराठीसाठी ही संख्या प्रत्येकाने स्वतः मोजावी असे मी सुचवेन, कारण आधी ठरवावे लागते की मोजायचे काय: पूर्ण अक्षर, की व्यंजन आणि काना-मात्रा वेगवेगळ्या? दोन्ही मोजण्यांची उत्तरे पूर्णपणे निराळी येतात.

शेषांक

धागा उशिरा पाहिला. मी याच क्षेत्रात संशोधन करतो, म्हणून आरएसएच्या सरावाविषयी सविस्तर लिहितो.

रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांचा मूळ निबंध १९७८ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यात एक लहान उदाहरण आहे, आणि माझ्या मते सरावाला त्याहून चांगले उदाहरण नाही. मूळ संख्या ४७ आणि ५९, त्यांचा गुणाकार २७७३. ४६ × ५८ = २६६८. सार्वजनिक (कूटबद्ध करण्याचा) घातांक १७, खाजगी (उलगडण्याचा) घातांक १५७. ताळा: १७ × १५७ = २६६९, म्हणजे २६६८ ने भागल्यास बाकी १. संदेश इंग्रजीत आहे आणि त्याची पहिली दोन अक्षरे वर्णमालेतील नववे आणि विसावे, म्हणून पहिला गट ०९२०.

आता ९२० चा १७ वा घात काढून २७७३ ने भागल्यावर बाकी किती? सोळा गुणाकार करण्याची गरज नाही. वर्ग करत जावे आणि प्रत्येक वेळी लगेच बाकी घ्यावी. दुसरा घात ६३५, चौथा ११४०, आठवा १८३६, सोळावा १७०१. शेवटी १७०१ ला ९२० ने एकदा गुणावे, म्हणजे बाकी ९४८ येते. निबंधातही हाच आकडा आहे. चार वर्ग आणि एक गुणाकार. हे एकदा हाताने केले, की २०४८ बिटांच्या संख्येचे असेच घात आपला फोन क्षणात कसे काढतो, याचे गूढ उरत नाही.

परंतु माझा खरा मुद्दा यापुढे आहे. बहुतेक विद्यार्थी इथे वही मिटतात. माझ्या मते सराव इथून सुरू होतो. पान उलटा आणि शत्रूच्या बाजूला बसा. आपल्याला फक्त २७७३ आणि १७ ठाऊक आहेत. फर्माच्या रीतीने २७७३ च्या वर्गमुळाहून किंचित मोठी पूर्ण संख्या घ्या, ती ५३. तिचा वर्ग २८०९. त्यातून २७७३ वजा केले की ३६ उरतात आणि ३६ हा ६ चा वर्ग आहे. म्हणून अवयव ५३ − ६ आणि ५३ + ६, अर्थात ४७ आणि ५९. पहिल्याच पायरीत किल्ला पडला. का पडला, याचे उत्तर स्वतः शोधावे: दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ होत्या. प्रत्येक पद्धत आधी वापरावी आणि मग स्वतःच फोडावी, हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना घालून देतो.

गणकयंत्र

शेषांक, मी हे उदाहरण यंत्रावर चालवून पाहिले. खाजगी घातांक म्हणून १५७ ऐवजी १४९१ घेतला तरीही ९४८ वरून ९२० परत मिळतो. खाजगी किल्ली एकच असते ना?

दुसरे असे की, लहान संख्या फुटल्या म्हणून पद्धत समजली असे होत नाही. १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या फुटायला १९९४ उजाडले. २५० अंकी, म्हणजे ८२९ बिटांची संख्या २०२० मध्ये फुटली. प्रत्यक्षात वापरतात त्या २०४८ बिटांच्या संख्यांपर्यंत अजून कोणी पोहोचलेले नाही. कागदावरचा शत्रू आणि खरा शत्रू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शेषांक

पहिल्या प्रश्नाबद्दल विशेष आभार, कारण तो फार थोडे लोक विचारतात. ४६ आणि ५८ यांच्या गुणाकाराऐवजी त्यांचा लसावि घेतला तरी चालतो आणि तो १३३४ आहे. १५७ मध्ये १३३४ मिळवले की १४९१. म्हणजे एकच काम करणारे अनेक घातांक असतात. हे यंत्रानेच आपल्या नजरेस आणून दिले, तेव्हा यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही.

दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी असहमत आहे. खरा शत्रू बहुधा २०४८ बिटांची संख्या फोडायला जात नाही, तो वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा शोधतो, आणि निष्काळजीपणा लहान संख्यांवरही तसाच दिसतो. सार्वजनिक घातांक ३ आणि संदेश १२ असेल तर १२ चा घन १७२८ हा २७७३ पेक्षा लहान आहे. बाकी घेण्याची वेळच येत नाही, शत्रू नुसते घनमूळ काढतो. संदेशात यादृच्छिक भर घालून मगच तो कूटबद्ध करतात, त्याचे हे एक कारण. तसेच दोन संस्थांनी २७७३ आणि २८६७ हे आकडे जाहीर केले आहेत असे समजा. दोहोंपैकी एकही न फोडता त्यांचा मसावि काढा. वजाबाकी ९४ येते, २७७३ ला ९४ ने भागल्यास बाकी ४७ उरते आणि ४७ ने ९४ ला निःशेष भाग जातो. दोघांची एक मूळ संख्या समान होती आणि दोन्ही किल्ल्या एकाच हिशेबात गेल्या. हे केवळ पुस्तकी उदाहरण नाही. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले आणि हजारो खऱ्या किल्ल्या उघड्या पडल्या. कारण होते किल्ली तयार करताना उपकरणांकडे असलेली अपुरी यादृच्छिकता.

तिरकसपंत

म्हणजे चौथीत शिकलेला मसावि अखेर कुठेतरी उपयोगी पडला. गुरुजींना कळवायला हवे.

रेवा

मूळ संख्यांच्या चाचणीचा सरावही इथे नोंदवून ठेवते, कारण किल्ली तयार करण्याचा तो पहिला टप्पा आहे. ५६१ ही संख्या ३ × ११ × १७ आहे, म्हणजे मूळ नाही. तरीही तिच्याशी सहमूळ असलेली कोणतीही संख्या घेतली तर तिचा ५६० वा घात ५६१ ने भागल्यावर बाकी १ च उरते. मूळ संख्येच्या बाबतीत बाकी १ च येते, एवढ्यावरच विसंबणाऱ्या फर्माच्या साध्या चाचणीला ती सरळ फसवते. मिलर-रॅबिन चाचणीत ५६० = १६ × ३५ असे लिहून २ च्या ३५ व्या घातापासून सुरुवात करतात: बाकी २६३, मग वर्ग करत गेले की १६६, ६७ आणि १. इथे ६७ चा वर्ग १ आला, पण ६७ स्वतः १ नाही किंवा −१ ही नाही. मूळ संख्येच्या बाबतीत असे होऊच शकत नाही, म्हणून चोरी पकडली गेली. शिवाय ६६ आणि ५६१ यांचा मसावि ३३ येतो, म्हणजे अवयवही फुकटात हाती लागला.

खानदेशी

मूळ संख्या निश्चितपणे आणि वेगाने ओळखण्याची रीत तर आपल्या कानपूरच्या आयआयटीतून निघाली ना? अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची, २००२ मधली. मग ही संभाव्यतेवर चालणारी चाचणी अजून का वापरतात?

शेषांक

सैद्धांतिक दृष्ट्या त्या तिघांचे काम थोर आहे, कारण कोणतेही न सिद्ध झालेले गृहीतक न वापरता बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवून) निश्चित उत्तर देणारी ती पहिली रीत ठरली. परंतु प्रत्यक्ष वापरात मिलर-रॅबिन कितीतरी वेगवान आहे आणि फेऱ्या वाढवत नेल्या की चुकीची शक्यता आपल्याला हवी तितकी कमी करता येते. सरावासाठी दोन्ही कराव्यात, कामासाठी दुसरी.

अटकेपार

उघड्यावर बोलूनही दोघांनी एक समान गुपित ठरवण्याच्या डिफी-हेलमन पद्धतीचा उल्लेख अजून कोणी केला नाही. १९७६ मधील या पद्धतीवर माझा एक आवडता सराव आहे. मूळ संख्या २३ आणि पाया ५ घ्यावा. एकाने गुप्त घातांक ८ घेतला तर तो १६ जाहीर करतो, दुसऱ्याने १३ घेतला तर तो २१ जाहीर करतो. पहिला २१ चा आठवा घात काढतो, दुसरा १६ चा तेरावा, आणि दोघांनाही ३ मिळतो. इथपर्यंत सर्व पुस्तकांत असते. शेषांक यांच्या नियमाप्रमाणे आता पान उलटू. जाहीर झालेल्या संख्येचा ११ वा घात काढावा. १६ चा ११ वा घात १ येतो आणि २१ चा २२, म्हणजेच −१. पहिल्याचा गुप्त घातांक सम आहे आणि दुसऱ्याचा विषम, हे आपल्याला घातांक न शोधताच कळले. पाया म्हणून ५ ऐवजी २ घेतला तर ही गळती थांबते, कारण २ चे घात मुळात अकराच संख्यांमध्ये फिरतात. व्यवहारात असे लहान वर्तुळ, ज्यातील संख्यांची मोजदाद स्वतः मूळ संख्या असते, मुद्दाम निवडतात, त्याचे एक कारण हेच.

उत्तररात्र

हे सर्व मी कागदावर करून पाहिले. २३ चे उदाहरण करताना घातांकांचा तक्ता आधी लिहून ठेवला तर काम फारच सोपे होते. आता माझ्या मूळ प्रश्नातील क्रमाकडे परत येतो. लंबवर्तुळी वक्र, म्हणजे वक्रावरच्या बिंदूंच्या बेरजेवर चालणारे कूटलेखन, कधी घ्यावे? आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नीस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम संगणकालाही न जुमानणारी जी नवी मानके जाहीर केली, त्यांचा सराव हाताने शक्य तरी आहे का?

पाटीपेन्सिल

वक्र डिफी-हेलमननंतर लगेच घ्यावेत. य चा वर्ग = क्ष चा घन + २ क्ष + २ हा वक्र १७ च्या बाक्यांवर घ्यावा आणि बिंदू (५, १) पासून सुरुवात करावी. दुप्पट बिंदू काढताना त्या बिंदूवरील स्पर्शिकेचा चढ ७७ भागिले २ येतो. ७७ ची बाकी ९ आणि २ चा व्यस्त ९, म्हणून चढ ८१, म्हणजेच १३. दुप्पट बिंदू (६, ३) आणि तिप्पट (१०, ६). प्रत्येक पायरीनंतर आलेला बिंदू खरोखर वक्रावर बसतो का, हे समीकरणात घालून पाहावे. चूक असेल तर ती बहुधा तिथल्या तिथे सापडते, इतकी सोय आरएसएतही नाही. अठराव्या पटीला (५, १६) आले पाहिजे आणि एकोणिसाव्या पटीला फेरा पूर्ण झाला पाहिजे. व्यस्त काढता येत नसेल तर यातली एकही पायरी होणार नाही, हे चाणाक्षांच्या लक्षात आले असेलच.

शेषांक

नव्या मानकांपैकी जाळीवर (लॅटिसवर) आधारलेल्या पद्धतीचे लहान रूप हाताने जमते. तिथे मुद्दाम थोडी चूक मिसळलेली एकघाती समीकरणे असतात. आधी चूक न मिसळता दोन अज्ञातांची समीकरणे १७ च्या बाक्यांवर सोडवावीत, मग प्रत्येक उत्तरात १ ने कमीजास्त करून तीच सोडवून पाहावीत. काय बिघडते ते पाहिले की कल्पना समजते. खऱ्या मानकात १७ च्या जागी ३३२९ आहे. ती मूळ संख्या आहे आणि ३३२९ = १३ × २५६ + १. या रूपामुळे तिथले लांबलचक गुणाकार वेगाने करता येतात. त्यापुढचे काम मात्र गणकयंत्र यांच्या यंत्रावरच करावे.

गणकयंत्र

अखेर आमची पाळी आली.

रेवा

धागाकर्त्यांसाठी एक कोडे. क = १, ख = २ असे करत ळ = ३४ पर्यंत क्रमांक द्यावेत. दोन व्यंजनांचा, काना-मात्रा नसलेला मराठी शब्द चार अंकांत लिहिला आहे. जाहीर संख्या ८६३३, सार्वजनिक घातांक ५, कूटसंदेश १५३३. शब्द कोणता?

उत्तररात्र

फर्माची रीतच आधी वापरली. ९३ चा वर्ग ८६४९, वजाबाकी १६, म्हणून अवयव ८९ आणि ९७. ८८ × ९६ = ८४४८ आणि ५ चा व्यस्त ५०६९. एवढा मोठा घात हाताने काढण्याऐवजी दोन्ही मूळ संख्यांवर वेगवेगळे काम केले. ८९ च्या बाबतीत पाया २० आणि घातांक ५३ एवढेच उरतात, त्याचे उत्तर ६८. ९७ च्या बाबतीत पाया ७८ आणि घातांक ७७, उत्तर ४५. ८९ ने भागल्यास ६८ आणि ९७ ने भागल्यास ४५ उरणारी संख्या कुट्टकाने काढली, ती १४०३. चौदावे व्यंजन ढ आणि तिसरे ग. शब्द ढग.

रेवा

बरोबर.

शेषांक

अभिनंदन. दोन तुकड्यांत काम करण्याची हीच युक्ती प्रत्यक्ष यंत्रेही वापरतात, म्हणून आता पान उलटा. समजा, यंत्रात क्षणिक बिघाड होऊन ९७ च्या बाबतीत ४५ ऐवजी ४४ आले. मग जोडलेली संख्या १४०३ ऐवजी ३३५ येईल. हे चुकीचे उत्तर शत्रूच्या हाती पडले, तर तो ३३५ चा पाचवा घात काढेल. ३३५ च्या वर्गाची बाकी −४, चौथ्या घाताची १६, म्हणून पाचव्याची ५३६०. त्यातून कूटसंदेश १५३३ वजा केला की ३८२७ उरतात. आता ३८२७ आणि ८६३३ यांचा मसावि काढून पाहा, आणि तो तोच का येतो ते इथे लिहा. बोनेह, डीमिलो आणि लिप्टन यांनी १९९७ मध्ये हा हल्ला प्रसिद्ध केल्यापासून उत्तर बाहेर सोडण्यापूर्वी ते एकदा उलटे तपासून घेण्याची काळजी घेतली जाते.

उत्तररात्र

८६३३ − २ × ३८२७ = ९७९. ३८२७ − ३ × ९७९ = ८९०. ९७९ − ८९० = ८९, आणि ८९ ने ८९० ला निःशेष भाग जातो. ८९ चा तुकडा बरोबर होता म्हणून वजाबाकीला ८९ ने भाग गेला, ९७ चा चुकला होता म्हणून ९७ ने गेला नाही. जाहीर संख्या फोडावीच लागली नाही. आमच्या प्रणालीत ही उलट तपासणी होते की नाही, हे सोमवारी पाहतो.